चोर सापडला म्हणून दुकानाने दंड वसूल करायचा का?

कोथरूडची_मीरा:
परवा इथल्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. कॉलेजातली एक मुलगी पकडली गेली. सुरक्षारक्षकाने सगळ्यांसमोर तिची पर्स काउंटरवर उपडी केली. पीएमपीचा पास, डब्यातून सांडलेली बटाट्याची भाजी आणि 340 रुपयांची क्रीमची ट्यूब. ट्यूब दुकानाचीच होती, ते मी नाकारत नाही. पण मॅनेजरने तिला आत नेऊन माफीनामा लिहून घेतला आणि 'पाच हजार भर, नाहीतर पोलिसांत देतो' म्हणाला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. चोरी झाली तर पोलिसांना बोलवा ना! दंड ठरवणारा मॅनेजर कोण?

तुळशीबागवाला:
ताई, पोलिसांना बोलवा म्हणणं सोपं आहे. माझी उघड्यावर हातभर फळी आहे. गौरी-गणपतीत एकजण बांगड्यांचं माप विचारत बसते, दुसरी तन्मणी उचलते. गेल्या वर्षी साडेबाराशेच्या मालासकट धरून चौकीत नेलं. पहिला प्रश्न, 'किती रुपयांचा माल?' 1 जुलै 2024 पासून, म्हणजे नवी भारतीय न्याय संहिता आल्यापासून, 5000 च्या आतली साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीचा, कागद हातात ठेवला, म्हणाले कोर्टात जा. ऐन सणातले दोन तास गेले. जुन्या दंडसंहितेतल्या चोरीच्या कलम 379 ला रकमेची अट नव्हती. लोक दंड का घेतात, ते यातून समजून घ्या.

रॅकवरचा_माणूस:
सहा वर्षं अशाच दुकानात होतो. स्टॉक कमी भरला की आमच्या पगारातून कापायचे. त्या मुलीची दया येते, पण आमची कुणाला येते?

शिवाजीनगर_कोर्टवाली:
तुळशीबागवाले, तुमचं बरोबर आहे, ते साध्या चोरीचं कलम 303. पहिल्यांदाच दोषी ठरला, माल 5000 च्या आतला आणि तो परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. पण न्याय संहितेत 305 पण आहे: माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी. 7 वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र, रकमेची अटच नाही. म्हणजे मोठ्या दुकानातली 340 ची ट्यूब 305 मध्ये बसू शकते आणि तुमच्या फळीवरचा साडेबाराशेचा माल 303 मध्येच राहतो. हा तुमच्यावर सरळ अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवायलाच हवा.

पण मीराताईंचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाच्या नव्या कायद्याच्या) कलम 40 खाली कुणीही धरू शकतो, मात्र 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बाईची झडती पोलिसांनासुद्धा बाईकडूनच, मर्यादा राखून घ्यावी लागते. आणि पोलिसांची भीती घालून पैसे काढले तर न्याय संहितेचं 308, खंडणी. मग गुन्हा मॅनेजरवर!

तुळशीबागवाला:
दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर 1 ते 5 वर्षं सक्तमजुरी, असं लिहिलंय खरं. पण पहिली शिक्षा व्हायला एनसी घेऊन कोर्टाच्या खेपा कोण घालणार? तीच बाई यंदा परत आली होती. मी पैसे कधीच मागितले नाहीत. माल काढून घेतो आणि सोडतो. पण माझा जीव जळतो, हे कायदा करणाऱ्यांना कळू दे.

कोथरूडची_मीरा:
दादा, फळीवरच्या चोरीचीही पोलिसांनी दखल घ्यावी असा अर्ज करा, पहिली सही माझी. पण त्या मुलीचे वडील धावत आले, शंभरशंभरच्या नोटा मोजून पाच हजार दिले. तुम्हाला निदान एनसीचा कागद तरी मिळाला. त्यांच्या हातात साधी पावतीही कुणी ठेवली नाही.