रक्त तपासून कळतं का सिझोफ्रेनियाचं कुठलं औषध लागू पडेल?

तासगावकर_दादा:
धाकट्या भावाला सिझोफ्रेनिया आहे, आधी रिस्पेरिडोन झालं, आता ओलान्झापिन तीन महिने चालूय, डोस पण वाढवला तरी आवाज ऐकू येणं काय थांबेना, रात्री उठून पाण्याच्या टाकीपाशी कुणाशी तरी बोलत बसतो आणि आई दारात जागी. मिरजेत एक लॅबवाला म्हणतोय रक्ताची टेस्ट करा, कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. साडेआठ हजार सांगितलेत, द्राक्षाचे पैसे अजून आले नाहीत. करू का?

सायकॅट्री_पीजी:
नका करू दादा. सीआरपी, आयएल-६ (दोन्ही शरीरातली सूज दाखवणारे रक्तातले घटक), बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना लागणारं प्रथिन) यांच्यावर संशोधन भरपूर चाललंय, काही पेशंटमध्ये पहिले दोन वाढलेले आणि बीडीएनएफ कमी सापडतं सुद्धा, पण सीआरपी तर वजन वाढलं, हिरड्या सुजल्या तरी वाढतो. एकट्या भावाचा रिपोर्ट बघून औषध ठरवता येईल अशी टेस्ट आज नाही. दोन औषधं पुऱ्या डोसनं, प्रत्येकी निदान ६ आठवडे, न चुकता घेऊन फरक नसेल तर डॉक्टरांना क्लोझापिनचं विचारा. १९८८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ज्यांना बाकी औषधं लागू पडत नव्हती त्यांच्यातले ३० टक्के क्लोझापिननं ६ आठवड्यांत सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर फक्त ४ टक्के.

मिरजेची_ताई:
माझ्या दिरांना क्लोझापिनच चालूय. रक्त तिथं खरंच लागतं, पण पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना ते बघायला, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). ताप आला, घसा दुखला की त्याच दिवशी दवाखाना, कारण ती पेशी घटल्याची खूण असू शकते. एकदा त्यांनी बिडी एकदम सोडली, आम्ही खूश, आणि चार-पाच दिवसांत माणूस दिवसभर झोपून, लाळेनं उशी भिजलेली. रक्तातली औषधाची लेव्हल तपासली तर खूप वाढलेली. बिडीच्या धुरानं लिव्हर औषध लवकर संपवते म्हणे, धूर थांबला की तेच औषध रक्तात साठतं.

तासगावकर_दादा:
ताई, भाऊ रोज बिडीचं एक बंडल संपवतो. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही पण सांगितलं नाही.

सायकॅट्री_पीजी:
हे पहिल्यांदा सांगा! ओलान्झापिनचं पण तसंच होतं, धुरामुळं रक्तातलं प्रमाण घटतं. गोळी खरंच गिळतो का तेही बघा. आणि बिडी सोडायची झाली तर डॉक्टरांना कळवून, डोस कमी करावा लागतो.

तासगावकर_दादा:
सोमवारी फाईल घेऊन जातो. लॅबवाल्याला नाही म्हणून कळवलं.