ग्रुप प्रोजेक्टमधली चूक रिफ्लेक्शनमध्ये लिहायची का? (इन्फोग्राफिक)

कोरा_कागद:
नमस्कार, जरा लांबलचक आहे पण प्लीज वाचा. आमचा पाच जणांचा ग्रुप, विषय पृथ्वीवरचं पाणी, ए३ साइजचं इन्फोग्राफिक करायचं होतं. म्हणजे एकूण पाण्यापैकी साधारण ९७.५ टक्के खारं, २.५ टक्केच गोडं आणि त्यातलंही बरंचसं बर्फात अडकलेलं वगैरे. आकडे मी गोळा केले, दोघींनी मजकूर लिहिला, एकाने आयकॉन शोधले आणि ज्याचा चित्रकलेत हात चांगला आहे त्याने डिझाइन केलं. दिसायला खरंच सुंदर झालं होतं.

गडबड झाली मधल्या दोन वर्तुळांत. ९७.५ म्हणजे २.५ च्या ३९ पट, म्हणून त्याने मोठ्या वर्तुळाचा व्यास लहानाच्या ३९ पट घेतला. मोठं २५ सेंटीमीटरचं आणि गोड्या पाण्याचं जेमतेम साडेसहा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. सबमिट करायच्या आदल्या रात्री मला ते खटकलं होतं, नक्की काय चुकतंय ते कळत नव्हतं पण एवढा फरक असणार नाही असं वाटत होतं. पण तो तीन रात्री जागून बसलेला, ग्रुपवर सगळे 'भारी', 'एक नंबर' टाकतायत, मग मीही अंगठा टाकला आणि झोपले.

प्रेझेंटेशनला एका मुलीने विचारलं की हे इतकं बारीक कसं, चाळीसावा हिस्सा तर वाटत नाही. कोणालाच उत्तर देता येईना आणि तो एकटा समोर उभा राहिला, आम्ही चौघं खाली बघत होतो.

आता प्रत्येकाने वेगळं रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय झालं आणि त्यातून काय शिकलो ते, लिहायचंय. बाकीच्यांनी 'टीमवर्क शिकलो, वेळेचं नियोजन शिकलो' असं लिहून टाकलंय. मला तसं लिहायला हात धजत नाही. पण खरं लिहिलं तर त्याची चहाडी केल्यासारखं होईल का?

रेघोट्या:
आधी चूक नीट समजून घे कारण ती समजली नाही तर लिहिणार काय. वर्तुळ बघताना डोळा व्यास मोजत नाही, किती जागा व्यापली ते बघतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. व्यास ३९ पट म्हणजे क्षेत्रफळ १५२१ पट झालं! ३९ चं वर्गमूळ साधारण ६.२४, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या शेजारी लहान वर्तुळ ४ सेंटीमीटरचं हवं होतं. पट्ट्यांचा आलेख असता तर त्याचा हिशोब बरोबर ठरला असता, कारण तिथे लांबीच बघतात. ही चूक छापून आलेल्या ग्राफिक्समध्येही सर्रास दिसते, मी स्वतः केलीये, त्यामुळे त्याला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस.

आणि एक, ओटो नॉयराट नावाचा माणूस होता, १९२० च्या दशकात व्हिएन्नात सामान्य लोकांसाठी आकडेवारीची चित्रं करायचा. त्याचा नियम असा की आकडा मोठा म्हणून चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह जास्त वेळा काढायचं. तुमच्याकडे तर हिशोब तयारच आहे, २.५ टक्के म्हणजे बरोबर ४० तला १. चाळीस थेंब काढा, एकाचा रंग वेगळा. लहान मूलसुद्धा मोजेल.

गुरुवारचा_तास:
मी शिकवतो आणि अशी रिफ्लेक्शनं ढिगाने वाचतो. 'टीमवर्क शिकलो' या वाक्यातून मला काहीच कळत नाही, कुठल्याही प्रोजेक्टखाली ते चालतं. तू त्या रात्रीचं जे लिहिलंयस ना, अंगठा टाकून झोपले, मला वाचायचं असतं ते हे.

चहाडीचं म्हणशील तर वाक्य 'त्याने' पासून सुरू केलंस तर होईल. 'मी' पासून सुरू कर. आकडे तुझे होते, ते त्याला देताना ते कशाने दाखवायचे, लांबीने की जागेने, हे तुमच्यात कोणी बोललं का? तपासायचं काम कोणाच्या नावावर होतं? माझा अंदाज, कोणाच्याच नाही. पाच जणांत कामं वाटताना शोधणं, लिहिणं, काढणं सगळं वाटलं जातं आणि शेवटी तयार चित्र आकड्यांशी ताडून बघणं राहून जातं, दरवर्षी हेच बघतो. रिफ्लेक्शन कसं लिहावं यासाठी गिब्ज नावाच्या अभ्यासकाने १९८८ मध्ये एक चक्र मांडलं, त्यात सहा टप्पे आहेत, त्यात काय घडलं आणि काय वाटलं या पहिल्या दोनांतच मुलांची पानं संपतात. तू 'असं का घडलं' याला अर्धं पान दे.

साधी_पेन्सिल:
मला नाही पटत सर. मार्क सगळ्यांचे एकत्र असतील तर एकीने लिहिलेलं पाचही जणांना भोवू शकतं. निदान सबमिट करायच्या आधी त्या मुलाला वाचायला दे गं, त्याला तो हक्क आहे.

गुरुवारचा_तास:
हे बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. आधी त्याला दाखव.

कोरा_कागद:
दाखवलं. काल फोन केला, आधी वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला की गोड्या पाण्याचं नाव त्या वर्तुळात मावेना म्हणून बाण काढून बाजूला लिहावं लागलं तेव्हाच त्यालाही खटकलं होतं, पण आकडे माझे म्हणून ते बरोबरच असणार असं धरून चालला आणि एवढं सोपं कसं विचारायचं म्हणून विचारलं नाही. म्हणजे मी त्याच्यासाठी गप्प आणि तो माझ्यामुळे गप्प. हे सगळं लिही म्हणाला, त्याचं नाव घातलंस तरी चालेल, पण मी नाही घातलं.

रेघोट्यादादा, थेंबांची आयडिया त्याला फार आवडली. मार्क मिळणार नाहीत माहितीये तरी नवीन काढतोय, रात्री कच्चं चित्र पाठवलं. मी ग्रुपवर काही टाकायच्या आधी बोट ठेवून मोजले, एकोणचाळीसच निघाले, लगेच त्याला कळवलं.