मांजर आखाड्यावर सोडण्यापूर्वी

सुनेला दिवस गेले आहेत, म्हणून डोहाळजेवणाच्या आत मांजर गंगाखेडजवळच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडणार, असे आपण लिहिले आहे. त्यासाठीच हा आग्रहाचा प्रतिसाद. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती निराधार नाही. परंतु मांजरीच्या विष्ठेतून पडलेली या परजीवीची अंडी संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात, त्यामुळे तिची विष्ठेची पाटी घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केली, तिला कच्चे मांस दिले नाही आणि उंदरांमागे बाहेर जाऊ दिले नाही, तर धोका फारच कमी उरतो. अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या कोथिंबिरीतूनही हाच संसर्ग होतो, याकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या लेकीच्या वेळी हे काम यजमानांनी पत्करले. रोज सकाळी रबरी हातमोजे घालून ते पाटीतली ओली राख कागदात गुंडाळत आणि मनी उंबऱ्यावर बसून पाहत राही. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मांजर एकदा दाखवावी, सुनेच्या रक्ततपासणीबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारावे. तरीही दूर ठेवायचीच असेल, तर बाळंतपण होईपर्यंत एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. घरात वाढलेली मांजर आखाड्यावरच्या कुत्र्यांपुढे टिकणे अवघड आहे.