कवितेचं वृत्त तपासणारा प्रोग्राम 'तु'ला गुरू का म्हणतो?

निवृत्त_मास्तर: वृत्त तपासायला पायथनमध्ये छोटा प्रोग्राम खरडलाय. माझी भुजंगप्रयात वृत्तातली (य-गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू, चारदा) ओळ: 'तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले'. पठ्ठ्या पहिल्याच 'तु'ला लघु (एक मात्रा) न धरता गुरू (दोन मात्रा) ठरवतो, य-गण मोडला म्हणतो! मोठ्यानं म्हणून बघा, ओळ चोख बसते.

लगावली: सर, तुम्ही संस्कृतचा नियम घातलाय, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. 'सत्य'मध्ये ठीक. पण 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही' यांत जोडाक्षराचा आघात (जोर) मागच्या अक्षरावर येतच नाही, ते लघुच राहतं. अपवाद वेगळे लिहा.

कोडकरी: अक्षरंही नीट मोजा. 'झ्या' आपल्याला एक, युनिकोडला (संगणकाच्या अक्षर-संकेतांना) चार: झ, हलन्त (पाय मोडायची खूण), य, काना.

निवृत्त_मास्तर: अपवाद घातले, ओळ पास! (सौ. म्हणाल्या, कानाला विचारलं असतं तरी चाललं असतं.) आता 'कुऱ्हाड' अडलीय. हा ऱ्ह प्रोग्रामला कसा ओळखायला लावू?