मदत हवी आहे: फ्रेंच रॅपमधली कृष्णवर्णीय अस्मिता नुसत्या ध्वनीतून कशी दाखवू?

एम.ए.च्या सेमिनारसाठी युसूफा या रॅपरवर वीस मिनिटं बोलायचंय. जन्म काँगोची राजधानी किन्शासाचा, वाढला फ्रान्समध्ये. २०१५ च्या अल्बमचं नावच त्याने 'NGRTD', म्हणजे 'नेग्रित्यूड', ठेवलं; १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये सेझेर, सेंगोर आणि दमास या कवींनी उभ्या केलेल्या कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीचं नाव थेट रॅपच्या कव्हरवर. हे मांडणं सोपं आहे.

अडलंय ते पुढे. त्याचे वडील ताबू ले रोशरो, काँगोली रुम्बाचे, म्हणजे काँगोच्या लोकप्रिय नृत्यसंगीताचे, दिग्गज गायक. 'ले दिस्क द मों पेर' म्हणजे 'माझ्या वडिलांच्या रेकॉर्ड्स' या गाण्यात त्याने वडिलांचंच जुनं गाणं सॅम्पल केलंय, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरलाय. बापाचा गाता आवाज, त्यावर मुलाचं रॅप. मला तरी इथे सगळ्या घोषणांपेक्षा जास्त काही सांगितलं जातंय असं वाटतं, पण सिद्ध कसं करू?

फ्रेंच येत नाही, गाण्याचे शब्द मशीन भाषांतरावर वाचलेत. लेख शोधले तर बहुतेक अमेरिकेपाशीच थांबतात. तुलनेला लंडनचा रॅपर डेव्ह याचं 'ब्लॅक' (२०१९) हे गाणं घेतलं, त्याचे आईवडील नायजेरियन. पण तिथे बहुतेक भार शब्दांवरच. नोटेशन वाचता येत नाही, आणि मॅडमना चरित्र नकोय, गाणं हवंय.

रुम्बा ऐकणाऱ्यांनो, गिटार, ताल की गायकी, त्या सॅम्पलमधलं नेमकं काय वाजवून दाखवलं तर वर्गाला 'हे काँगोचं' म्हणून कानाने ओळखता येईल? आणि आईवडिलांच्या देशाचं संगीत असंच वापरणारं दुसरं एखादं गाणं, शक्यतो युरोपातलं, सुचवाल का?