अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेत छपाईच नव्हती. चूक की शहाणपण?

अर्धविराम:
अल्गोल ६०चं कौतुक आपण सगळेच करतो. ब्लॉक रचना (प्रोग्रामचे एकात एक बसणारे तुकडे), रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारी प्रोसीजर), बीएनएफ या नियम लिहिण्याच्या पद्धतीत मांडलेलं व्याकरण, सगळं मान्य. पण १९६०च्या मूळ अहवालात इनपुट-आउटपुटचं एकही विधान (आज्ञा) नाही! गणित करा, पण उत्तर कागदावर कसं उमटवायचं ते विचारू नका. यंत्रागणिक साधनं वेगळी, तेव्हा ज्याचं त्याने बघावं, असा मामला. मग यंत्र बदललं की वाचन-छपाईच्या ओळी नव्याने लिहायच्या. यंत्रनिरपेक्ष म्हणून मिरवणारी भाषा नेमकी इथेच यंत्राला बांधली गेली. फोरट्रान भाषेने १९५७लाच वाचन-छपाईची मांडणी सांगणारं फॉरमॅट विधान दिलं होतं. माझ्या मते ही घोडचूक.

पंचकार्डवाला:
फॉरमॅटची आरती ओवाळण्याआधी ते वापरलेल्यांना विचारा. आम्ही कॉलेजात भोकं पाडलेल्या कार्डांवरच फोरट्रान शिकलो. फॉरमॅटमध्ये आय५ म्हणजे पाच रकान्यांचा पूर्णांक. १२ हा आकडा चुकून डाव्या कडेला पंच केला की उरलेले तीन कोरे रकाने शून्य धरले जायचे. झाले बारा हजार! यंत्राची काही तक्रार नाही.
प्रिंटरची आणखी एक गंमत. ओळीचं पहिलं अक्षर छापलंच जात नसे. कागद किती सरकवायचा त्याचा तो हुकूम. तिथे १ आला की नवं पान. मी डावीकडे जागा सोडायला विसरलो, आणि दर पानावर एक आकडा अशी गठ्ठाभर रद्दी हातात आली. त्यातही प्रत्येक आकड्याचा पहिला अंक गायब. यंत्राच्या असल्या खोडी भाषेत घेतल्या की त्या जन्माच्या चिकटतात. अल्गोलवाल्यांनी हात लावला नाही तेच बरं.

कोरा_रकाना:
काका, किस्सा भारी! पण सी भाषेतही छपाईचं विधान नाहीच. छापणारं प्रिंटएफ हे लायब्ररीतलं, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहातलं, साधं फंक्शन. म्हणजे अल्गोलचाच मार्ग, तरी सी जगभर चालली. कारण लायब्ररी भाषेबरोबरच आली. अल्गोलसाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आणि मंडळींचा इनपुट-आउटपुटचा प्रस्ताव आला १९६४मध्ये. तोवर एलियट, बरोज या संगणक कंपन्यांच्या कंपायलरांनी (भाषेचं यंत्राच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांनी) आपापली पद्धत बसवली होती. वगळलं याबद्दल नाही, चार वर्षं काढली याबद्दल बोला.

अर्धविराम:
चार वर्षांचं मान्य. पण प्रिंटएफ म्हणजे काय सुख आहे? टक्का-डी (%d, म्हणजे पूर्णांक छाप) लिहून अपूर्णांक पाठवा, मूळच्या सी कंपायलरला पत्ताही नाही. पास्कल भाषेतलं छपाईचं राइटलाइन बघा, मूल्याचा प्रकार (पूर्णांक की अपूर्णांक) कंपायलरच तपासतो.

कोरा_रकाना:
कारण राइटलाइनला कंपायलरने खास सवलत दिली आहे. हवे तितके, हव्या त्या प्रकाराचे पॅरामीटर घेणारी तशी प्रोसीजर मूळ पास्कलमध्ये तुम्ही स्वतः लिहून दाखवा.

पंचकार्डवाला:
लिहिता येत नाही. तरी शिकवायला मी पास्कलच घेईन; पोरांची रद्दी तरी कमी निघेल.