गरोदरपणात सातव्या महिन्यानंतर भूल: नकार द्यायचा की नाही?

टिटवी: ‘सातव्या महिन्यानंतर भूल घेतली की बाळाचा मेंदू अधू होतो, ऑपरेशनला सरळ नकार द्या.’ ही पोस्ट वाचून कालपासून डोकं फिरलंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला, हे खरं. पण तो तीन तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता, आणि त्यामागे मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग होते. २००३ मध्ये सात दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांना सहा तास भूल दिली, तेव्हा मेंदूतल्या पेशी मेल्या. ऑपरेशन नाकारलं आणि पोटात अपेंडिक्स फुटलं तर बाळ दगावण्याचा धोका किती वाढतो, हे का नाही लिहिलं?

पारिजात: ती पोस्ट माझीच. भुलीची औषधं वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातात की नाही? मग?

टिटवी: जातात. पण ‘गॅस’ नावाच्या संशोधन चाचणीत तासाभराची भूल मिळालेली तान्ही बाळं पाच वर्षांची झाल्यावर तपासली. २०१९ मध्ये निकाल आला, बुद्धीत फरक नाही.

पारिजात: ती जन्मलेली बाळं होती, पोटातली नव्हेत! आणि तासाभराचीच भूल. त्यावरून तीन तासांची हमी कशी देता?

कोयरी: मेंदूचं राहू द्या, कंबरेचं बोला. सिझेरियनला मणक्यात भुलीची सुई टोचली तेव्हापासून खाली वाकून मुलाला उचलता येत नाही.

केवडा: माझंही तेच!!

टिटवी: कंबरदुखी नैसर्गिक बाळंतपणानंतरही होते. दोष सुईचा नाही.

कोयरी: कंबर माझी, दुखणं माझं, आणि निदान तुम्ही करणार? डॉक्टरांनीही असंच उडवून लावलं होतं.

केवडा: मला तर उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. आठवडाभर बाळाला बसून पाजता आलं नाही.

टिटवी: ते मात्र सुईमुळेच होतं, केवडाताई. त्यावर उपचार आहेत, तुम्हाला कुणी सांगायला हवे होते. पण मणक्यातल्या भुलीचं औषध बाळापर्यंत नगण्य पोचतं. जपायचं असतं ते आईचं बीपी. ते घसरलं की बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो.

पारिजात: आता पुन्हा मुद्द्यावर या. माझ्या बहिणीला आठव्या महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनची घाई केली होती. तिने नकार दिला, बाळंतपणानंतर केलं, दोघंही ठणठणीत. अपेंडिक्ससाठी ‘नकार द्या’ चुकीचं ठरेल, एवढं मानते. ते वाक्य काढते. पण जे थांबू शकतं ते थांबवायलाच हवं.

टिटवी: थांबू शकतं की नाही, हे तुमच्या पोस्टवरून ठरणार? एकॉग ही प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही म्हणते, ऐच्छिक ऑपरेशन बाळंतपणानंतर करा, पण गरजेचं कोणत्याही तिमाहीत नाकारू नका. दुसरं अर्धं तुम्ही गाळलंत.

कोयरी: आणि कंबरेचं?